कणीक ह्यांच्या कानाइतकी

कुलूपबाईचं खरं नाव चांगलं चार अक्षरी होतं, पण आजोबांनी ते कधी वापरलंच नाही. चमचा समोर आला की ती ओठ असे मिटायची, की दोन ओठांमधली फट शोधायला भिंग लागावं. मग मान डावीकडे, मग उजवीकडे, आणि शेवटी चमच्यातलं सगळं आजोबांच्या सदऱ्यावर. नऊ महिन्यांचं पोर, खाली दोन दात, वर एक येऊ घातलेला, आणि तोरा असा की घर जणू तिच्याच नावावर आहे. बाटली तिला चालत नव्हती, वाटी चालत नव्हती, आणि चमच्याशी तर तिचं उभं वैर होतं. दूध प्यायचं ते आईचंच. म्हणून ती कुलूपबाई.

आजोबा चाळीस वर्षं बाइंडर होते. खाली दुकान, वर घर, मध्ये सतरा लाकडी पायऱ्या. दुकान आता एका चाव्या बनवणाऱ्याला दिलेलं होतं. दिवसभर त्याच्या कानशीचा बारीक आवाज जिन्यावरून वर यायचा, पण या कुलपाची किल्ली काही त्याच्याकडे नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बंदर दिसायचं, आणि बंदरावरची उंच पिवळी क्रेन. तिचा दांडा इतका सावकाश फिरायचा की बघता बघता डोळा लागावा. आजोबांचा लागायचाही.

त्या क्रेनच्या केबिनमध्ये त्यांची लेक बसायची. गेटवर पावत्यांवर शिक्के मारणारी मुलगी सहा वर्षं शिकत, परीक्षा देत, नको नको ते टोमणे कानामागे टाकत तिथवर चढली होती. जेमतेम वर्षभर ती वर बसली, मग कुलूपबाईची चाहूल लागली. आता रजा संपत आली होती. जावई जहाजावर, यायला अजून चार महिने. या आठवड्यात बुधवारपासून शनिवारपर्यंत तिला अर्धी पाळी होती, आठ ते एक. सोमवारपासून पूर्ण. आणि एकदा वर चढलं की मध्ये खाली येणं नाही, बाळ कितीही रडलं तरी. मुकादम काही वाईट माणूस नव्हता, पण त्याला शनिवारी दुपारी एक शब्द हवा होता, हो किंवा नाही. नाही म्हटलं तर क्रेन दुसऱ्याला जाणार आणि लेकीला पुन्हा गेटची खिडकी मिळणार, ती मात्र कायमची.

मंगळवारी संध्याकाळी बाळाचे कपडे घडी करता करता लेक म्हणाली, "बाबा, शनिवारपर्यंत तिनं तुमच्या हातून काही खाल्लं, तर मी वर जाईन. नाहीतर गेटवर बसेन. त्यात काही वाईट नाही."

हे शेवटचं वाक्य आजोबांनी ओळखलं. याच स्वयंपाकघरात, याच खिडकीपाशी, त्यांच्या बायकोनं ते म्हटलं होतं. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांच्या लिखाणातला गळलेला शब्द तिला दहा हातांवरून दिसायचा. लेक झाल्यावर छापखान्याच्या मालकानं तिला दुपारचे दोन तास तरी या म्हणून निरोप धाडला होता, आणि तिनं आजोबांना विचारलं होतं, दुपारी दोन तास तुम्ही बघाल का हिला? आजोबा तेव्हा एका जाड ग्रंथाच्या पाठीला खळ लावत होते. ते म्हणाले होते, बघू. ते बघू तसंच राहिलं. छापखान्यात दुसरी बाई आली, आणि बायको म्हणाली, त्यात काही वाईट नाही.

तर आता आजोबांनी मनाशी ठरवलं की काही झालं तरी हे पोर आपल्या हातून जेवलं पाहिजे. ठरवायला काय लागतं.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बाळाला वजनकाट्यावर ठेवून, उलटंसुलटं करून सांगितलं होतं की पोरगी ठणठणीत आहे, फक्त तिला भरवून घ्यायचं नाहीये, स्वतःच्या हातानं खायचं आहे. तिच्या मुठीतून टोक बाहेर राहील एवढं लांबट काहीतरी द्या, दोन बोटांत दाबलं तर चेपेल असं मऊ, मीठ नको, साखर नको, आणि समोर बसून राहा. हे ऐकताना आजोबांच्या डोळ्यांपुढे एकदम वाफेचं पातेलं आलं. पुरचुंड्या!

पुरचुंडी हा त्या घरातला शब्द. कणकेची लांबट पारी, आत कुस्करलेली भाजी, दोन्ही टोकं चिमटलेली, आणि मग चाळणीवर वाफवलेली. दुसऱ्या घरांत त्याला दुसरं काही म्हणत असतील. लेक लहान असताना बायको त्या करायची आणि लेक दोन्ही मुठींत एकेक घेऊन बसायची, एवढं आजोबांना आठवत होतं. कशा करायची, ते मात्र काडीचंही आठवत नव्हतं. आठवायला आधी बघावं लागतं.

बायको आता नव्हती, पण तिची वही होती. कापून उरलेल्या कागदांची आजोबांनीच तिला बांधून दिलेली, प्रत्येक पान वेगळ्या रंगाचं. कपाटातल्या चादरींखालून ती निघाली, आणि एका फिक्या निळ्या पानावर तिचं सरळ, काटकसरी अक्षर निघालं. "पुरचुंड्या. कणीक ह्यांच्या कानाइतकी. आत भोपळा, गाजर, जे गोड असेल ते. मीठ नको. वाफ येईस्तोवर नाही, वास येईस्तोवर ठेवणे." संपलं.

आजोबांनी ते तीनदा वाचलं. ह्यांच्या म्हणजे आपल्याच. आपला कान बायकोच्या वहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ते जरा लाजलेच. मग त्यांनी चष्मा लावला, आरशासमोर उभे राहिले, आणि स्टीलची पट्टी कानाला लावली.

तुम्ही हसाल. पण माणूस चाळीस वर्षं मोजूनच जगलेला. कागद मोजायचा, पुठ्ठा मोजायचा, पाठीची जाडी मोजायची, केसभर चुकलं तर सगळं उसवायचं. त्याला कुणी कानाइतकी म्हटलं तर तो पट्टीच आणणार. उंची अडीच इंच, रुंदी सव्वा. आजोबांनी त्या मापाचा पुठ्ठ्याचा नमुना कापला, त्याची कड नखानं घोटली आणि तो पोळपाटाशेजारी ठेवला.

बुधवारी सकाळी लेक जाताना सांगून गेली, की केबिनमधून आपली खिडकी दिसते, डावीकडून तिसरी. वर फोन न्यायची परवानगी नव्हती. कुलूपबाईनं खाल्लं तर तिचं पिवळं लाळेरं खिडकीबाहेरच्या दोरीवर टाकायचं, नाही खाल्लं तर नाही टाकायचं.

आजोबा पिठाला बसले. पीठ आणि पाणी म्हणजे त्यांच्या लेखी खळ. सवयीनं हात मोरचुदाची बरणी शोधायला फळीकडे गेलासुद्धा, खळीला कसर लागू नये म्हणून घालतात ते निळं विष. बरणी दुकानाबरोबरच गेली होती, नशीब पोरीचं. त्यांनी कणीक मळली ती घट्ट, पुठ्ठा धरून ठेवील अशी. नमुना ठेवून पाऱ्या कापल्या, मधोमध भोपळ्याचा गोळा ठेवला, कडा जुळवल्या आणि घड्या घालायच्या हाडाच्या पट्टीनं त्या अशा दाबल्या की हवा जायला वाव राहिला नाही. बारा पुरचुंड्या झाल्या. बाराच्या बारा सारख्या, चाळणीत ओळीनं मांडलेल्या, एखाद्या थोर माणसाच्या समग्र लेखनाचे खंड असावेत तशा. आजोबा त्यांच्याकडे बराच वेळ कौतुकानं बघत बसले.

उंच खुर्चीत बसलेल्या कुलूपबाईनं त्यातली एक उचलली. नीट पाहिली. मग समोरच्या फळीवर आपटली. टक असा आवाज आला. तिला तो आवडला, म्हणून तिनं ती आणखी चारदा आपटली आणि शेवटी भिरकावून दिली. पुरचुंडी दारापाशी जाऊन पडली, न फुटता, न उसवता. बाइंडिंग उत्तम होतं.

त्या दिवशी दोरी रिकामी राहिली. संध्याकाळी लेकीनं एक पुरचुंडी दाताखाली धरून पाहिली, जबडा चोळला, मग वही वाचली आणि पदराआड हसावं तशी बाळाच्या दुपट्यात तोंड घालून हसली. तिलाही त्या ओळीचा अर्थ ठाऊक नव्हता. खाणारं बाळ कधी कृती विचारत नाही. पण तिनं एक मुद्दा काढला. म्हातारपणी कान वाढतात म्हणे. आईनं लिहिलं तेव्हा तुमचा कान लहान असणार. आजोबांना हे एकदम पटलं. त्यांनी जुना फोटो काढला, त्यात त्यांचं डोकं नखाएवढं होतं, त्यावरून त्रैराशिक मांडलं आणि नमुन्यातून पाव इंच उतरवला.

गुरुवारी तीच कणीक पाव इंचानं लहान होऊन कुलूपबाईपुढे आली. या वेळी तिनं ती तोंडात घातली. आजोबांनी श्वास रोखला. तिनं हिरड्यांनी दाबली, दोन दातांनी खरवडली, पुन्हा दाबली, आणि मग तिच्या खालच्या ओठाची कड बाहेर आली. फसवलं गेल्याचं रडू वेगळंच असतं. त्यात राग कमी आणि नवल जास्त असतं, आणि ऐकणाऱ्याला ते सहन होत नाही. आजोबांनी तिला उचललं. आता ते भुकेचं रडू झालं होतं. ते तिला घेऊन स्वयंपाकघरात फेऱ्या मारत राहिले, खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत, आणि पलीकडे क्रेनचा दांडा तसाच सावकाश फिरत राहिला.

एकदा खिडकीशी थांबले तेव्हा त्यांनी तिच्या गळ्यातलं लाळेरं सोडलं. कोरं करकरीत होतं, थेंबही पडलेला नव्हता. दोरी हाताशी होती. नुसतं टाकलं असतं तर लेकीला वर बसल्या बसल्या हायसं वाटलं असतं, शनिवारी तिनं हो म्हटलं असतं, आणि पुढचं पुढे निभावून नेता आलं असतं. बघू म्हणण्याचाच तो दुसरा प्रकार होता. आजोबांनी लाळेरं परत कुलूपबाईच्या गळ्यात बांधलं.

शुक्रवारी सकाळी लेक दाराशी बूट घालत असताना तिच्या कोटाच्या खिशातून एक कागद डोकावत होता. चार घड्यांचा, पहिलीच घडी वाकडी. आजोबांचा डोळा त्या घडीवरच गेला, आणि घडीआड गेटच्या कामासाठीचा अर्ज आहे हे त्यांना न वाचताच कळलं. तिनं बाळाच्या टाळूवर ओठ टेकले आणि सतरा पायऱ्या उतरून गेली.

त्या दिवशी धुकं आलं. समुद्रावरून उठलं, बंदर गिळलं, क्रेन गिळली, आणि समोरची गल्ली ओलांडून खिडकीच्या काचेला येऊन टेकलं. घरात चाळणीची वाफ, बाहेर धुकं, मध्ये एक पातळ काच. भोपळा शिजल्याचा गोड वास सगळीकडे भरला होता. दुरून जहाजाचा भोंगा यायचा आणि विरायचा. खाली कानस थांबली होती. चावीवाल्यानंही बहुतेक दुकानाचं दार आडवं केलं असावं. भोपळा वाफवून झाला, पण आजोबांनी आज पुरचुंड्या केल्याच नाहीत. त्यांना कळेना काय करावं. कुलूपबाई रडून रडून दमली, त्यांच्या खांद्यावर मान टाकली आणि ते तिला घेऊन खिडकीशेजारच्या खुर्चीत बसले.

झोपेच्या काठावर बाळाचा हात काहीतरी शोधत असतो. कुणाला पांघरुणाचं टोक लागतं, कुणाला आईचे केस. कुलूपबाईचा हात आजोबांच्या गळ्यावरून, गालावरून चाचपडत वर गेला आणि कानाच्या पाळीवर थांबला. दोन बोटांत तिनं ती धरली. चेपली. सोडली. पुन्हा चेपली. तिचा श्वास लांब होत गेला.

आजोबांचेही डोळे मिटले. आणि मग जिन्यावर पावलं वाजली. वरून खाली येणारी, हलकी, घाईची. दुकानात खळीचा वास होता, शिवणाच्या दोऱ्याला मेण लावून झालं होतं, आणि बायको पाठीमागून आली नि तिनं त्यांच्या कानाची पाळी दोन बोटांत धरली. बोटं ओलसर होती, पिठाची. तिनं डोळे मिटले होते. हे त्यांना न बघता कसं दिसलं कोण जाणे, पण दिसलं. मिटलेले डोळे आणि कपाळावर एक आठी, मुद्रित वाचताना पडायची तीच. क्षणभर तिनं पाळी चेपली, हं असं स्वतःशीच म्हणाली, आणि आली तशी वर निघून गेली. बाकावरची गिऱ्हाइकं हसली. कुणीतरी म्हणालं, बाइंडर, कानाला खळ लागलीय.

आजोबांनी डोळे उघडले. काचेबाहेर पांढरं, आत पांढरं. कानावर इवलीशी बोटं तशीच होती.

ती कणीक बघायला यायची.

ती लाडीगोडी समजून ते लाजायचे. कधी सुखावायचे, कधी वैतागायचे. सतरा पायऱ्या उतरून ती त्यांना चिडवायला येत नव्हती. एका हातात कणकेची आठवण घेऊन यायची, दुसऱ्या हातानं त्यांचा कान चेपून बघायची आणि इतकी मऊ झाली की नाही ते ठरवून परत जायची. ह्यांच्या कानाइतकी. मऊ. उभ्या जन्मात कुणाचा एक शब्द गळू दिला नाही त्या बाईनं, आणि स्वतःच्या वहीत तेवढा एकच लिहिला नव्हता. तिला तो लागतच नव्हता. तिच्या बोटांना तो ठाऊक होता.

उठून नाचावं असं आजोबांना वाटलं, पण उठता येत नव्हतं. पोर झोपलं होतं. म्हणून ते नुसते बसून राहिले, मोकळ्या हातानं दुसरा कान चेपत. चेपता चेपता पुढचंही आठवलं, आणि ते आठवायला नको होतं. एकदा तिच्या बोटांवरचं पीठ एका काळ्या कातडी बांधणीवर सांडलं होतं, गिऱ्हाईक समोर उभं होतं, आणि आजोबा सगळ्यांदेखत तिला म्हणाले होते, पुन्हा पिठाच्या हातानं दुकानात यायचं नाही. ती पुन्हा आली नाही. पुरचुंड्या त्यानंतर झाल्या की नाही, ते त्यांना काही केल्या आठवेना.

आणि त्या ती करायची तरी कशासाठी? लेक तेव्हा हिच्याएवढीच होती. लेकीनं हातानं खायला शिकावं, कुणीही समोर बसलं तरी तिचं पोट भरावं, आणि दुपारचे दोन तास मोकळे व्हावेत, म्हणून. म्हणजे लेक शिकली होती. दोन्ही मुठींत धरून खात होती. कमी होता तो फक्त समोर बसणारा माणूस, आणि तो सतरा पायऱ्या खाली बसून बघू म्हणत होता. आजोबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. एक बाळाच्या पाठीखाली, एक कानाला.

तासाभरानं कुलूपबाई उठली तेव्हा त्यांनी तिला कडेवर घेऊनच वही काढली. पेन्सिलीनं, बायको करायची तसं, ओळीखाली एक छोटं काकपद, गळलेल्या शब्दाची खूण, काढलं आणि वर लिहिलं, मऊ. हे बायकोसाठी नव्हतं. पुढेमागे कुलूपबाईला ती वही सापडली, तर तिनं पट्टी घेऊन कुणाचा कान मोजत बसू नये, एवढ्यासाठी.

शनिवारी लेक निघाली तेव्हा धुकं तसंच होतं आणि अर्ज खिशात तसाच होता. तिनं विचारलं नाही, आजोबांनीही बढाई मारली नाही. दार लागताच त्यांनी हाडाची पट्टी आणि पुठ्ठ्याचा नमुना खणात टाकला आणि खण गुडघ्यानं बंद केला.

कणकेत त्यांनी गरम पाणी घातलं. उजवा हात परातीत, डावा कानाला. मळायचं, थांबायचं, डोळे मिटायचे, कान चेपायचा, पुन्हा कणीक चेपायची. अजून नाही. आणखी पाणी. अजून नाही. डोळे मिटल्यावर मापं नाहीशी होतात हे त्यांना या वयात कळत होतं. कुठला हात परातीत नि कुठला कानाला याचा मध्येच घोळ झाला, कानाला पीठ लागलं, चष्म्याला लागलं. आणि मग एका क्षणी दोन्ही हातांना एकच गोष्ट लागली. आजोबा हं असं स्वतःशीच म्हणाले, आणि आपण कुणासारखं म्हणालो ते त्यांना कळलं.

पाऱ्या वाकड्यातिकड्या झाल्या. लाल भोपळा आणि गाजर त्यांनी पार लोण्यासारखं कुस्करलं होतं. टोकं चिमटताना बोटांचे ठसे राहिले, एक लांब झाली, एक बुटकी, एकीचं पोट सुटलं. बाइंडर म्हणून त्यांनी असलं काम परत पाठवलं असतं. चाळणीतून वाफ आली. त्यांनी झाकण उचललं नाही. मग वास आला. त्यांनी गॅस बंद केला, पुरचुंड्या पुरत्या निवू दिल्या आणि त्यातली एक दोन बोटांत दाबून पाहिली. चेपली.

कुलूपबाईनं पुरचुंडी उचलली आणि आपटली. आवाज आला नाही. तिनं भुवया वर केल्या. मग मूठ आवळली, तर बोटांच्या फटींतून केशरी भोपळा बाहेर आला. तिनं तो पाहिला. मनगटावर आला तोही पाहिला. आजोबा समोर हात मांडीवर ठेवून बसले होते, आणि त्या मांडीवरच्या हातांना आवरून धरणं हे त्यांनी आजवर केलेल्या सगळ्या कामांत अवघड होतं. तिनं मनगट चाटलं. थांबली. विचार केला. आणि मुठीतून बाहेर आलेलं टोक तोंडात घातलं.

ती ओठ न मिटता जेवली. बराच वेळ, मन लावून, मध्येच कुणाशी तरी बोलत, अर्धं गालाला लावत. पहिली संपली तेव्हा तिनं दुसरीसाठी हात पुढे केला, आणि तो हात आजोबांच्या दिशेनं होता. तीन पूर्ण, चौथी अर्धी. उरलेली अर्धी तिनं आजोबांच्या तोंडाला लावली. त्यांनी ओठ मिटले नाहीत.

लाळेरं आता पिवळं राहिलं नव्हतं, केशरी झालं होतं. आजोबांनी ते न धुता दोरीवर टाकलं. धुतलेलं असतं तर लेकीला शंका आली असती. पण क्रेन दिसत नव्हती. धुक्यात फक्त साखळीचा खळखळाट ऐकू येत होता, कुठून तरी उंचावरून. साडेअकरा झाले, बारा झाले. बाळ कडेवर घेऊन आजोबा खिडकीत उभे राहिले. साडेबाराच्या सुमारास धुकं पातळ झालं, आधी जहाजांचे शेंडे दिसले, मग पिवळा दांडा, मग वरची काचेची केबिन. दांडा फिरत होता. फिरता फिरता खिडकीच्या रोखानं आला आणि मध्येच थांबला. भरला माल अधांतरी लोंबकळत ठेवून कुणी असं थांबत नाही. मग भोंगा वाजला, दोनदा. कुलूपबाई दचकली आणि तिनं आजोबांचा कान घट्ट धरला.

लेक दीड वाजता आली, ती जिना धावत चढूनच. पोरीला उचललं, तिच्या गालावरचा वाळलेला भोपळा बोटानं खरवडून चाखला, उरलेल्या गार पुरचुंड्यांपैकी एक उभ्यानंच खाल्ली. ती चव तिच्या तोंडात कितीतरी वर्षांनी आली होती. आजोबांनी तिला वही दाखवली, कानाचं सांगितलं, पायऱ्यांचं सांगितलं. कातडी पुस्तकावर सांडलेल्या पिठाचंही सांगितलं. दोन तासांचंही. बाप काही लपवत नाहीये हे पाहून ती खाली बसली आणि शेवटपर्यंत ऐकत राहिली.

मग तिनं खिशातला चार घड्यांचा कागद काढून टेबलावर ठेवला. मुकादमाला ती हो सांगून आली होती.

"सोमवारपासून पूर्ण पाळी आहे बाबा," ती म्हणाली. "एक दिवस नाही, रोज. जमेल तुम्हाला?"

बघू हा शब्द इतक्या वर्षांच्या सवयीनं आजोबांच्या ओठांवर आलाच होता. त्यांनी तो गिळला.

"जमेल," ते म्हणाले. "आता माझी पाळी आहे."

लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या कानाला पीठ लागून वाळलं होतं. ते पुसायला तिनं हात पुढे केला, तशी आजोबांनी मान बाजूला घेतली.

"राहू दे," ते म्हणाले.